‘हृदय वैफल्य’ला मराठीत काय म्हणावं?

टिळकवाडीकर: कन्नड माहितीपत्रकाचं खानापूर भागातल्या पेशंटांसाठी मराठी करायचंय. मूळ शब्द ‘हृदय वैफल्य’, म्हणजे हार्ट फेल्युअर. तसाच ठेवला तर आपला माणूस नैराश्य समजेल. ‘हृदय बंद पडणे’ लिहिलं तर घरचे हादरतील. पुढे ‘तीन तारांचा पेसमेकर बसवतात’ असं आहे.

निपाणीकर: ‘हार्ट फेल’ नकोच, आपल्याकडे त्याचा अर्थ माणूस गेला. ‘हृदय अशक्त होणे’ लिहा. ठोके चालू असतात, जोर कमी पडतो, म्हणून पाय सुजतात, आडवं झालं की दम लागतो.

शहापूरकर: ‘हृदयदौर्बल्य’ हा घडीव शब्द असताना ‘अशक्त’ कशाला?

निपाणीकर: अहो, गीतेत अर्जुनाला तेच म्हटलंय. तिथं अर्थ कच खाणं!

खानापूरकर: नुसतं ‘पेसमेकर’ही फसवं आहे. साधा पेसमेकर ठोके मंदावल्यावर. इथं ठोक्यांचा वेग ठीक असतो, पण डावा बंडल ब्लॉक, म्हणजे डाव्या बाजूला विजेचा संदेश नेणाऱ्या शाखेत अडथळा असल्यानं डावी जवनिका (खालचा कप्पा) उजवीच्या मागून आवळते. म्हणून एक तार उजव्या कर्णिकेत (वरच्या कप्प्यात), दुसरी उजव्या जवनिकेत आणि तिसरी कोरोनरी सायनस या हृदयाच्याच मोठ्या शिरेमधून डाव्या जवनिकेवरच्या शिरेत. औषधं नीट चालू असूनही पंपिंग (दर ठोक्याला डाव्या जवनिकेतलं किती रक्त बाहेर पडतं) 35 टक्के किंवा कमी, असा ब्लॉक आणि ईसीजीत क्यूआरएस (जवनिकांत वीज पसरायला लागणारा वेळ) 150 मिलिसेकंद किंवा जास्त, अशांना सर्वाधिक फायदा. ‘ताल जुळवणारा पेसमेकर’ म्हणा.

शहापूरकर: ‘गतिकारक’ म्हणा की! आणि शाळेच्या पुस्तकात अलिंद-निलय आहे, कर्णिका-जवनिका जुनं झालं.

निपाणीकर: ओपीडीत ‘मशीन बसवलंय’ म्हणतात. आणि इथं गती वाढवायचीच नाही, मग गतिकारक कसा?

खानापूरकर: पेशंटला तक्रार सांगता येईल असे शब्द हवेत. तिसऱ्या तारेजवळून फ्रेनिक नस जाते, श्वासाचा पडदा हलवणारी. तिला करंट लागला की दर ठोक्याला पोट उडतं, डाव्या कुशीवर जास्त. लोक त्याला उचकी समजून गप्प बसतात. प्रोग्रामरवर (पेसमेकर बाहेरून सेट करायच्या यंत्रावर) करंट कमी केला किंवा चार टोकांच्या तारेतली दुसरी जोडी निवडली की बहुधा थांबतं, पुन्हा ऑपरेशन लागत नाही. करंट फार उतरवला तर मात्र ठोका पकडला जात नाही आणि दम परत येतो. ‘पोट उडणे’ असंच छापा.

टिळकवाडीकर: छापतो. ‘तीन तारांचा’ ठेवू ना?

खानापूरकर: पक्कं नको. एएफ (कर्णिकांची अनियमित थरथर) कायमचं असेल तर कर्णिकेतली तार सहसा घालत नाहीत. आता दोन जवनिकांमधल्या पडद्यात तार स्क्रूसारखी फिरवून डाव्या बंडलच्या शाखेलाच पेसिंग देतात, तिथं कोरोनरी सायनसची तार वाचते.

शहापूरकर: मग छापायचं काय, कर्णिका की अलिंद?