मदत हवी आहे: शेतकरी कंपनीच्या ऑफिसात टेबलं कशी लावावीत?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं ऑफिस दिवाळीआधी नव्या जागेत जातंय. गोदामाला लागून एकच मोठा हॉल, वर टिनाचं छप्पर, माणसं नऊ. संचालकांचं म्हणणं, आडोसे नकोत, सगळे एकत्र बसले की आपसात बोलतील. मला ते पटत नाही. हार्वर्डच्या बर्नस्टीन आणि टर्बन यांनी दोन मोठ्या कंपन्यांत हे मोजून पाहिलं होतं. खुलं ऑफिस झाल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं, ईमेल वाढले. २०१८ साली ते छापूनही आलं.

आपल्याकडे त्यात आणखी भर. तूर-सोयाबीनच्या हंगामात काउंटरवर गर्दी, आणि शेजारीच हिशेब लिहिणारी ताई. तिला सारखी कोणाची तरी हाक. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर गेला की सगळी टेबलं कूलरसमोर सरकतात, मग त्या घरघरीत फोनवरचं ऐकू येत नाही. पोरं गुणी आहेत, पण संध्याकाळपर्यंत एकमेकांवर खेकसतात. हा दोष जागेचा आहे, पोरांचा नाही, असं मला ठाम वाटतं.

हिशेबासाठी काचेची केबिन करावी, की कपाट आडवं लावून भागेल? टिनाखाली फॉल्स सीलिंग कोणी केलंय का? उष्णता खरंच कमी होते का? चहाची जागा मधोमध ठेवायचं मनात आहे, म्हणजे गोदामातली पोरंही आत येऊन बसतील. अनुभव असेल तर खर्चासकट सांगा, फोटो असतील तर टाका.