अनुभव धागा: कामावर विचारायचे साधे प्रश्न

जून-जुलैत पुण्यातल्या कंपन्यांत, साइटवर, वॉर्डात नवी मुलं रुजू होतात. त्यांचे बरेच प्रश्न ‘एवढंही माहीत नाही?’ या भीतीने घशातच राहतात. या धाग्यावर आपापल्या कामातले असे प्रश्न लिहा. कधी विचारायचा, नाही विचारला तर नेमकं काय बिघडतं, तेही आकड्यांसकट. कोण चुकलं, कोण ओरडलं हे नको. उद्या सकाळी कामावर जाणाऱ्याला वापरता येईल असं लिहा.

मशीन शॉप, भोसरी

ड्रॉइंग हातात आलं की आधी विचारा: हे फर्स्ट अँगल की थर्ड अँगल? वस्तूच्या बाजूंची चित्रं कागदावर मांडायच्या या दोन उलट पद्धती. आपल्याकडे फर्स्ट अँगल शिकवतात, अमेरिकन गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये येतं. टायटल ब्लॉकजवळ (ड्रॉइंगच्या नाव-तपशिलांच्या चौकटीजवळ) छाटलेल्या शंकूचं चिन्ह असतं, पण व्हॉट्सॲपवर आलेल्या अर्धवट फोटोत नेमकं तेच कापलं गेलेलं असतं. इथे चूक झाली की डावीकडचा स्लॉट उजवीकडे जातो. मापं सगळी बरोबर असतात, त्यामुळे व्हर्निअर लावूनही कळत नाही. कळतं ते असेंब्लीत.

दुसरा प्रश्न: माप प्लेटिंगच्या आधीचं की नंतरचं? झिंकचा थर ८ मायक्रॉन (०.००८ मिमी) असेल तर शाफ्टचा व्यास १६ मायक्रॉनने वाढतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. आट्यांचा हिशोब वेगळा आहे. ६० अंशांच्या आट्याच्या तिरक्या अंगावर थर चढतो, म्हणून पिच डायमीटर (आट्याच्या उंचीच्या मध्याजवळ मोजलेला व्यास) थराच्या चौपट, म्हणजे ३२ मायक्रॉन वाढतो. गो रिंग गेजमध्ये (बोल्ट तपासायच्या आट्याच्या कड्यात) सहज फिरणारा बोल्ट प्लेटिंग होऊन आला की अडतो, आणि बोल प्लेटिंगवाल्याला लागतो. खरं तर आटे पाडतानाच तेवढी जागा सोडायला हवी होती.

तिसरा, सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथवर: ऑफसेटचा, म्हणजे मशीनला द्यायच्या दुरुस्तीचा, आकडा व्यासाचा की एका बाजूचा? बहुतेक लेथवर एक्स (जॉबच्या जाडीची दिशा) व्यासात चालतो. जॉब ०.१० मिमी जाड आला तर दुरुस्ती ०.१० चीच द्यायची, निम्मी करायची नाही. मशीन बदललं की हे पुन्हा विचारायचं, वर्षानुवर्षं काम केलेल्यानेसुद्धा.

आरसीसी (सळई घातलेलं काँक्रीट), साइट इंजिनिअर, वाकड

‘सळई वर की खाली?’ हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण त्याच्याइतका मोलाचा प्रश्न साइटवर दुसरा नाही. दोन्ही बाजूंनी टेकलेल्या स्लॅबला मधोमध ताण खालच्या अंगाला येतो, म्हणून मुख्य सळई खाली. बाल्कनी किंवा छज्जा एकाच बाजूने धरलेला असतो. तिथे ताण वरच्या अंगाला, म्हणून मुख्य सळई वर, आणि आतल्या स्लॅबमध्ये पुरेशी लांब गेलेली.

फिटर ती वरच बांधतो. काँक्रीट टाकताना माणसं तिच्यावरून चालतात आणि ती दबते. १२५ मिमीच्या छज्ज्यात सळई २५ मिमी खाली बसली, तर उपयोगी खोली १०० वरून ७५ वर येते आणि जवळपास पाव ताकद जाते. वरून काही दिसत नाही. म्हणून हा प्रश्न दोनदा विचारायचा, बांधणी झाल्यावर आणि काँक्रीट पडत असताना. सोबत हेही: खाली चेअर (सळई उचलून धरणारे आधार) किती अंतरावर ठेवल्यात? चालायला फळ्या टाकल्यात का?

टेकू काढताना: आधी कुठला? छज्ज्याचे टेकू मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे काढत यायचे. भिंतीजवळचे आधी काढले तर मधला भाग दोन टोकांवर टेकल्यासारखा होतो, ताण खाली येतो, आणि खाली तर सळई नाहीच.

आणि रोज सकाळी: आज वाळू किती ओली आहे? सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला ०.५ च्या पाणी-सिमेंट प्रमाणात २५ लिटर पाणी लागतं. त्या गोणीबरोबर ८० किलो वाळू जात असेल आणि तिच्या दाण्यांवर ५ टक्के पाणी असेल, तर ४ लिटर वाळूतूनच आलं. मिक्सरमध्ये २१ च टाकायचं. २५ टाकलं तर प्रमाण ०.५८ होतं. पावसाळ्यात ढिगाचा वरचा थर आणि तळ यांतही फरक असतो, तेव्हा ढिगाची बाजू बदलली की पुन्हा बघायचं.

परिचारिका, मेडिसिन वॉर्ड

इन्सुलिन भरताना: कुपी चाळीसची की शंभरची, आणि सिरिंज कुठली? आपल्याकडे १ मिलीत ४० युनिट असलेल्या कुप्या सर्रास मिळतात, पेनमध्ये बहुधा १०० चं असतं. सिरिंजही दोन, लाल टोपणाची ४० साठी आणि केशरी टोपणाची १०० साठी. ४० च्या सिरिंजमध्ये १०० चं इन्सुलिन १० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर पाव मिली म्हणजे २५ युनिट जातात आणि साखर धोकादायक खाली येते. उलट झालं तर १० ऐवजी ४ च जातात.

‘५ मिली द्या’ असं कोणी म्हणालं की विचारायचं, किती मिलिग्रॅम? पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीत १२० मिग्रॅ असतं, २५० मिग्रॅही असतं, आणि थेंबांच्या बाटलीत १ मिलीतच १०० मिग्रॅ असतं. बाळाला सांगितलेला डोस १५० मिग्रॅ असेल तर पहिल्याचे ६.२५ मिली, दुसऱ्याचे ३ आणि थेंबांचे १.५.

प्रश्न कसा विचारता यावरही खूप अवलंबून आहे. ‘तुम्हीच पाटील आजी ना?’ म्हटलं की अर्धवट झोपेतलं, कमी ऐकू येणारं माणूस ‘हो’ म्हणतं. ‘आजी, तुमचं पूर्ण नाव सांगता का?’ असं विचारायचं आणि हातातल्या पट्टीशी ताडून बघायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी आणली. तिच्यात चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, हाही मुद्दा आहे.

छपाई, नारायण पेठ

वर परिचारिका ताईंनी लिहिलंय ते आमच्याकडेही तंतोतंत लागू. प्रूफ दाखवून ‘ठीक आहे ना?’ विचारू नका. ‘वार आणि तारीख मोठ्याने वाचता का?’ असं विचारा.

‘३२ पानांची पुस्तिका’ म्हटल्यावर विचारायचं, पानं म्हणजे पृष्ठं की कागद? मराठीत पान दोन्हीला म्हणतात, आणि अंदाजपत्रक दुप्पट किंवा निम्मं होतं. मधोमध पिन मारायची असेल तर पृष्ठसंख्या ४ च्या पटीत हवी. ३० पृष्ठांचा मजकूर आला तर उरलेल्या दोनांवर काय घ्यायचं, हे आधीच विचारा.

‘परवाचा माल’ असा निरोप आला की तारीख विचारा. झालेला परवा की येणारा, हे दोन शब्दांच्या मेसेजात कळत नाही.

हिशोब, कोथरूड

दर जीएसटी धरून की वगळून? १ लाखात १८ टक्के धरलेले असतील तर मूळ रक्कम ८४,७४६ रुपये होते. वगळून असतील तर बिल १ लाख १८ हजारांचं. फोनवर ठरलं तरी त्याच दिवशी लेखी घ्या.

सॉफ्टवेअर, हिंजवडी

‘कालचा डेटा’ म्हणजे कुठल्या घड्याळाचा काल? सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळेवर) असेल तर त्याचा दिवस आपल्या पहाटे ५.३० ला सुरू होतो. न्यूयॉर्कशी अंतर हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ, त्यामुळे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये ठरलेल्या वेळा पुन्हा विचाराव्या लागतात. ‘५ तारखेला रात्री १२ वाजता रिलीज’ म्हणजे ५ सुरू होतानाचे १२ की संपतानाचे? २३.५९ किंवा ००.०१ लिहून घ्या.

आकडा आला की एकक विचारा. १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हरवलं, कारण एक प्रणाली पाउंड-सेकंदांत आकडे देत होती आणि दुसरी ते न्यूटन-सेकंद समजून घेत होती. फरक ४.४५ पटींचा.

वायरमन, हडपसर

‘मेन बंद केला का?’ एवढं पुरत नाही. या वायरला दुसरीकडून सप्लाय येतो का, हे विचारा. इन्व्हर्टर, जनरेटर, छतावरचं सोलर, शेजारच्या सर्किटवरून घेतलेला न्यूट्रल. टेस्टर आधी चालू असलेल्या पॉइंटवर तपासायचा, मग बंद लाइनवर, मग परत चालू पॉइंटवर, म्हणजे मधल्या वेळात टेस्टरच बिघडला नाही ना हे कळतं. आणि डीबीला (वीज वाटणाऱ्या पेटीला) कुलूप लावलंय तर किल्ली कोणाकडे? जो वायरला हात लावणार, त्याच्याच खिशात.