अंगावर पाजत असताना वेदनाशामक गोळी घ्यावी का?

प्रश्न
सिझेरियनचे टाके अजून दुखतात आणि पाजायला बसले की पाठही भरून येते. बाळाच्या काळजीने मी गोळी टाळते आहे, पण झोप होत नाही आणि आता पाजणेही नकोसे वाटू लागले आहे. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन चालेल का, आणि गोळी घेतल्यावर दूध पिळून टाकावे लागते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
ताई, दुखणे असे सोसत राहू नका. स्तनपानाच्या काळात याच दोन गोळ्यांना पहिली पसंती दिली जाते. पॅरासिटामॉल दुधात उतरते खरे, परंतु बाळाला ताप आल्यावर डॉक्टर जेवढे देतात त्याच्या मानाने ते फारच थोडे असते. आयब्युप्रोफेन रक्तातील प्रथिनांना धरून राहते आणि साधारण दोन तासांत त्याचे रक्तातले प्रमाण निम्मे होते, त्यामुळे वजनाच्या हिशेबाने बाळाला आईच्या डोसच्या १ टक्क्याहूनही कमी अंश मिळतो. दूध पिळून टाकण्याची गरज नाही. मात्र २४ तासांत पॅरासिटामॉल ४ ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका आणि सर्दीच्या मिश्र गोळ्यांतले पॅरासिटामॉलही त्यात मोजा. दमा, पोटातील व्रण किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयब्युप्रोफेन घेऊ नका.

प्रतिसाद २
वरील माहितीशी सहमत आहे, परंतु कोडीन आणि ट्रामाडॉल या अफूवर्गीय, तीव्र वेदनाशामकांबद्दल सावध करणे मला फार आवश्यक वाटते. काही स्त्रियांच्या शरीरात कोडीनचे मॉर्फिनमध्ये रूपांतर इतक्या झपाट्याने होते, की दुधावाटे ते बाळाला पोहोचून त्याचा श्वास मंदावू शकतो. आपले शरीर तसे आहे की नाही हे आईला आधी कळत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये स्तनपान करणाऱ्या मातांनी ही दोन्ही औषधे घेऊ नयेत असे बजावले. अशी गोळी आधीच घेतली असेल आणि बाळ नेहमीपेक्षा जास्त झोपत असेल, नीट ओढत नसेल किंवा अंग ढिले सोडत असेल, तर तत्काळ दवाखाना गाठावा. दुखण्यासाठी ॲस्पिरिनही टाळावे.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. बाळ दिवस भरण्याआधी जन्मले आहे, त्याने काही फरक पडतो का?

प्रतिसाद १
हो, पडतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे यकृत आणि मूत्रपिंडे औषधाचा निचरा सावकाश करतात, म्हणून पहिली गोळी घेण्याआधीच बालरोगतज्ज्ञांना बाळाचे वजन, कावीळ झाली असल्यास ती, आणि गोळीचे नाव व डोस सांगून विचारा. टाके लाल झाले असतील, त्यांतून स्राव येत असेल किंवा ताप असेल, तर गोळीवर भागवू नका, आजच तपासून घ्या.