चमत्कार प्रेषितांबरोबरच पुरले का?

केडगाव_पॅसेंजर

जय ख्रिस्त. परवा इथे एका दादांनी लिहिलं, "चमत्कार प्रेषितांबरोबर, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांबरोबर, संपले. चंगाई (प्रार्थनेने आजार बरा करण्याच्या) सभांना जाणाऱ्यांनी बायबल धड वाचलेलं नसतं." पहिलं वाक्य मी सोडून दिलं असतं. दुसरं डोक्यात गेलं, म्हणून हे लांबण.

1905 च्या जूनमध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनात काय झालं ते आपण आज्यांकडून ऐकलंय. प्रार्थनेत एका मुलीच्या अंगावर आग दिसली, म्हणून दुसरी पाण्याची बादली आणायला धावली. मग पापकबुली, रडणं, पुढे अन्य भाषा, म्हणजे न शिकलेल्या भाषांत प्रार्थना. पेंटेकॉस्टल (आत्म्याची दानं आजही मिळतात असं मानणाऱ्या) मंडळींची सुरुवात जिथून सांगतात ती लॉस एंजेलिसची अझुसा स्ट्रीट त्यानंतरची, 1906 ची. मुक्तीतल्या मिशनरी मिनी अब्राम्स बाईंनी लिहिलेली पुस्तिका चिलीपर्यंत गेली आणि तिथल्या पेंटेकॉस्टल मंडळींना तिनेच ठिणगी दिली. आणि ज्यांच्या छपराखाली हे घडलं त्या रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. त्यांनी धड वाचलेलं नव्हतं? दादा, तुम्ही हिब्रूतून कितीदा वाचलंत?

पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा 13 वा अध्याय पुढे करू नका. पूर्ण ते आलं की अपूर्ण जाईल, बरोबर. पण दोनच ओळींनंतर "समोरासमोर पाहू" आहे. तुम्ही कोणाला समोरासमोर पाहिलंत? चमत्कार संपले हा सिद्धांत पौलाचा नाही, प्रिन्स्टनच्या धर्मपंडित वॉरफिल्डचा आहे, 1918 चा.

कोरडा_नगरी

तो दादा मीच. हिब्रू येत नाही, कबूल. पण वॉरफिल्डच्या साडेतीनशे वर्षं आधी प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनने हेच लिहून ठेवलंय, तेव्हा प्रिन्स्टनला उगाच बडवू नका.

देव बरं करू शकत नाही असं मी म्हटलेलंच नाही. संपलं ते चंगाईचं दान. म्हणजे पाळकाने हात ठेवला की माणूस उठलाच पाहिजे, ते. पौलाच्या रुमालांनी लोक बरे होत होते ना? तोच पौल सोबती त्रफिमला मिलेत शहरात आजारी सोडून पुढे गेला. शिष्य तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणाला. रुमाल का नाही पाठवला?

आता मला हे का झोंबतं ते सांगतो. आईला शुगर. मैदानात सभा होती, स्टेजवरून आरोळी आली, "विश्वास असेल तर गोळ्या फेका." आई काटकसरी, तिने फेकल्या नाहीत, बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या. तीन महिन्यांनी पायाची जखम चिघळली आणि अंगठा काढावा लागला. पाळकसाहेब भेटायला आले, खुर्चीत बसले, चहा प्यायले आणि म्हणाले, "विश्वास कुठेतरी कमी पडला." डबा अजून फडताळात आहे.

गिरीजकरीण

तुम्हा प्रोटेस्टंटांचं भांडण वाचताना मजा येते. आमच्याकडे चमत्कार स्टेजवर ठरत नाही, त्याची चौकशी बसते. फ्रान्समधल्या लूर्ड तीर्थाला 1858 पासून हजारो दावे आले, डॉक्टरांनी कागद तपासले, बिशपांनी मान्य केले सत्तरच्या आसपास. एवढी कंजुषी तुमचा वॉरफिल्डही दाखवणार नाही.

माझा धाकटा सातव्या महिन्यात झाला. डॉक्टर म्हणाले, रात्र काढली तर बघू. मी माउंट मेरीला मेणाचं बाळ वाहिलं. आता तो दहावीत आहे आणि गणितात नापास होतो. तो चमत्कार मात्र अजून व्हायचाय.

कोरडा_नगरी

ताई, मुलाला आयुष्य लाभो. पण काचेच्या पेटीत त्याला कोणी जगवलं? नर्सच्या नावाने मेणबत्ती लावलीत का?

आणि चौकशीचं म्हणाल तर मोनिका बेसराचं काय? मदर तेरेसांना 2003 मध्ये धन्य घोषित केलं (संतपदाआधीची पायरी) ते त्या बाईची पोटातली गाठ गेली या चमत्कारावर. बंगालमधल्या बालुरघाटचे डॉक्टर ओरडून सांगत होते की ती आमच्या औषधांनी गेली.

गिरीजकरीण

नर्सच्या पाया पडले होते, तुम्हाला सांगायची गरज वाटली नव्हती. माझ्या बाळाला तुमच्या वादात दाखला करू नका.

इर्ल्याचा_बाब

2012 आठवतंय? मुंबईतल्या आमच्या इर्ल्याच्या वेलंकणी चर्चमध्ये क्रुसाच्या पायांतून पाणी ठिबकायला लागलं. लोक बाटल्या भरून न्यायचे, माझी मावशीही. बुद्धिवादी सनल एडमरुकू येऊन म्हणाला, गटार तुंबलंय, ओल भिंतीतून चढतेय. आम्ही काय केलं? प्लंबर बोलावण्याऐवजी पोलीस बोलावले. माणूस फिनलंडला गेला तो परतलाच नाही. मी रोजचा मिस्सावाला आहे, पण त्या पाण्याची लाज वाटते.

कोरडा_नगरी

आणि हो, केडगाववाले, तुमच्या रमाबाईंना उतारवयात ऐकू येईनासं झालं. त्यांची मुलगी मनोरमा 1921 ला आईच्या आधी गेली, चाळिशीत. आग उतरलेल्या जागेवर एक कान का बरा झाला नाही?

केडगाव_पॅसेंजर

मनोरमेला मध्ये ओढायची गरज नव्हती. ज्या बाईने मुलगी पुरली आणि त्यानंतरही भाषांतराची मुद्रितं तपासली, तिला तुम्ही हिशेब विचारता? आणि "तुमच्या" रमाबाई काय? त्या आमच्या आहेत.

मिशन_कंपाउंड

कोणाच्या? इंग्लंडात वाँटेजला 1883 मध्ये बाप्तिस्मा झाला तो अँग्लिकन. पेंटेकॉस्टल मंडळींनी नंतर त्यांना खांद्यावर घेतलं.

मिरजेला तीस वर्षं सिस्टर होते, म्हणून हेही सांगते. वानलेस साहेबांनी 1894 ला दवाखाना काढला, तिथे ऑपरेशनआधी प्रार्थना व्हायची आणि मग हत्यारं उकळायची. दोन्ही व्हायचं.

पण माझा राग वेगळाच आहे. रमाबाईंनी साध्या बायांना कळेल असं बायबल केलं, संस्कृत शब्द टाळून. तुमच्यापैकी कोणाच्या मंडळीत ते वाचतात? वेदीवर बायबल सोसायटीचं, आणि भाषणात रमाबाई!

केडगाव_पॅसेंजर

सिस्टर, आमच्याकडे जयंतीला वाचतो.

मिशन_कंपाउंड

वर्षातून एकदा. खणानारळासारखं.

गिरीजकरीण

आम्हा कॅथलिकांना तर त्या शाळेत धड्यातच भेटल्या. कोणाकडे प्रत आहे? मला त्यांची मराठी बघायचीय, चमत्कार नंतर बघू.

कोरडा_नगरी

मूळ प्रश्न बाजूलाच राहिला, पण ठीक. कानाबद्दल लिहिलं ते मागे घेतो. मनोरमेबद्दलही. गोळ्यांबद्दलचं नाही घेणार.

केडगाव_पॅसेंजर

गोळ्या फेकायला सांगणाऱ्याची बाजू मी घेतलीच कुठे? बायबलातल्या याकोबाच्या पत्राच्या 5 व्या अध्यायात तेल लावून प्रार्थना करा म्हटलंय, औषध टाका असं नाही. पण त्या एका पाळकापायी तुम्ही केडगावच्या शेकडो मुली खोट्यात काढल्या. आई कशा आहेत?

कोरडा_नगरी

इन्सुलिनवर. त्याच पाळकासाठी रोज रात्री नाव घेऊन प्रार्थना करते. मला जमणार नाही. तुमच्या खात्यात चमत्कार कमी पडत असतील तर हा धरा.

इर्ल्याचा_बाब

धरला. लूर्डला कळवू का?

कोरडा_नगरी

सिस्टर, चुलत्यांच्या पत्र्याच्या पेटीत रमाबाईंच्या भाषांतराची प्रत निघाली. मत्तयाच्या पहिल्या पानांना वाळवी लागलीय, करिंथकरांस पत्र शाबूत आहे. रात्री 13 व्या अध्यायाचा फोटो टाकतो. मत बदललंय असं कोणी समजू नये.