अनुभव धागा : मोजके कपडे, आपले कपडे

शेवंती

कपडे कमी करा, मोजके ठेवा, असं हल्ली सगळीकडे वाचायला मिळतं. लंडनच्या सूझी फॉ यांनी 1970 च्या दशकात आपल्या दुकानातून 'कॅप्सूल वॉर्डरोब'ची, म्हणजे एकमेकांशी जुळणाऱ्या मोजक्याच कपड्यांच्या कपाटाची, कल्पना रुजवली. 1985 मध्ये न्यूयॉर्कच्या डोना कॅरन यांनी एकमेकांत मिसळून घालता येतील अशा सात कपड्यांचा संच आणला. 2010 मध्ये अमेरिकेतल्या कोर्टनी कार्व्हर यांनी तीन महिने 33 वस्तूंत भागवायचा प्रयोग सुरू केला, त्यात चपला-बूट आणि दागिनेही धरले. छानच आहे. पण संक्रांतीची काळी साडी, मयताला जायचा फिका पोशाख आणि नणंदेकडच्या मुंजीत मिळालेलं जरीकाठी प्रकरण या 33 मध्ये कुठे बसवायचं, ते यांना कोण विचारणार? म्हणून हा धागा.

किती कपडे ठेवले त्याचा आकडा नकोय. काय ठेवलं आणि तेच का ठेवलं, ते लिहा. लांबून पाठमोरं बघूनही 'ही तीच' असं लोक कशावरून ओळखतात? मोठमोठ्या दुकानांची नावं टाळूया आणि एकमेकांच्या आवडीला नावं ठेवायची नाहीत.

माझ्यापासून सुरुवात. मी एकाच बेताचे कुर्ते शिवून घेते. बंद गळा, कोपराखाली येणाऱ्या बाह्या आणि दोन्ही बाजूंना खोल खिसे. कापड सुती, रंग नीळ, काळा, विटकरी आणि कधीतरी मोरपिशी. हे ठरवलं कसं, तर धुऊन वाळलेल्या ढिगातून माझा हात आधी कशाकडे जातो ते काही आठवडे बघितलं. दर वेळी खिसेवाल्या कुर्त्याकडेच जायचा. ऑफिसात नवीन आलेल्या मुलीला कुणीतरी माझी ओळख 'त्या खिशात हात घालून चालतात ना, त्या' अशी करून दिली. मला आवडलं ते.

साधाच

मी गेली कित्येक वर्षं पांढरा शर्ट आणि खाकी पँट घालतो. याला शैली म्हणतात हे आज कळलं. बायकोला वाचून दाखवलं, ती अजून हसते आहे.

इरकलकाठ

मी सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत मराठी शिकवायचे, आता निवृत्त आहे. नोकरीभर इरकलच नेसले. आमच्या भागात ती काही विशेष वस्तू नव्हे, ती जिथे विणतात ते कर्नाटकातलं इलकल इथून फार लांब नाही आणि बाजारात गठ्ठ्यांनी यायची. अंग सुती, पदर रेशमी. पदरात लाल पट्टे आणि त्यांच्यामध्ये पांढरे. अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगळा असतो आणि दोन्हींचे फासे एकमेकांत अडकवून जोडतात. साडी उलटी धरली की ती जोडरेघ बोटाला लागते. मुलांना 'जोडाक्षर' शिकवताना मी पदर पुढे घेऊन दाखवायचे.

पहिल्या पगारातल्या इरकलीनंतर दुसरं काही घ्यावंसं वाटलंच नाही असं नाही. सहकारी बाई नायलॉन, जॉर्जेट, मग शिफॉन नेसायच्या, मीही घेतल्या. पण खडूची धूळ, दुपारचं ऊन आणि बसमधली गर्दी यांत इरकल जशी अंगावर राहते तशी दुसरी राहात नाही. निऱ्या एकदा बसल्या की शाळा सुटेपर्यंत हात लावायला नको. हळूहळू बाकीच्या वाटून टाकल्या. काठ बदलायचे तेवढी हौस, कधी गोमी, कधी परासपेठ.

यजमान गेले तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी सुचवलं की आता जरा फिकं नेसावं, लाल पदर बरा दिसत नाही. मी काही वाद घातला नाही. चौदाव्यानंतर शाळेत रुजू झाले ती लाल पदराची इरकल नेसूनच. हजेरी घेतली, धडा पुढे सुरू केला. नंतर त्याबद्दल कुणी बोललं नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही. परवा बसस्टँडवर एक बाप्या माणूस मागून 'बाई!' करून ओरडला. पदरावरून ओळखलं म्हणाला. त्याच्या कडेवर पोर होतं आणि मला त्याचं नाव आठवेना!

ओटीतला_खण

बाई, नमस्कार तुम्हाला.

शेवंतीताईंनी आहेराचा विषय काढलाच आहे तर माझं ऐका, कारण कपडे कमी करणाऱ्या कुठल्याही पुस्तकी मार्गाचा निकाल आमच्या घरात आहेरच लावतो. मी विकत घेणं थांबवलं तरी साड्या येतच राहतात. बारसं, डोहाळजेवण, मुंज, लग्न, वास्तुशांत, साठीशांत. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापलं की आलेले पाहुणे तो मजकूर अहेर न आणणाऱ्या इतरांसाठी आहे असं समजतात. शिवाय ओटीचे ब्लाऊजपीस. ते तर शिवायचे नसतातच, ते फिरायचे असतात. आमच्या सासूबाईंकडे देण्याघेण्याची वेगळी बॅग होती आणि प्रत्येक साडीला टाचणीने चिठ्ठी, कुणाकडून आली त्याची. नाहीतर मामींची साडी मामींनाच परत जायची. एका घरात तसं झालंही आहे, पण ते घर या धाग्यावर वाचत असू शकतं.

मी दोन गोष्टी केल्या. जवळच्यांना तोंडावर सांगितलं की मला साडी नको, फारच वाटलं तर एखादं झाड द्या, नाहीतर हातात पाकीट द्या. पाकिटाचं ऐकून दोन आत्यांनी तोंडं वाकडी केली, नंतर त्यांनीही तेच सुरू केलं. दुसरी गोष्ट म्हणजे मिळालेली साडी सहा महिन्यांच्या वर ठेवायची नाही. आमच्याकडे भांडी-धुणी करणाऱ्या ताईंच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा कोऱ्या साड्या तिने स्वतः निवडून नेल्या. हे मुद्दाम लिहिते, कारण 'देऊन टाकलं' म्हणताना आपण बरेचदा आपल्याला नको ते दुसऱ्याच्या गळ्यात मारत असतो. नेसून जुनी झालेली बोहारणीला. ती मात्र पक्की आहे, विरलेलं सुती ती घेत नाही. जरीची, टिकाऊ धाग्याची असेल तरच डब्याचं बोलणं सुरू होतं. सुती विरलेल्यांची गोधडी.

माझ्याकडे उरलं काय? संक्रांतीची चंद्रकळा, आईची पैठणी आणि रोजच्या दक्षिणी सुती साड्या, बुट्टे नसलेल्या, बारीक काठाच्या. चंद्रकळेचं मला कायम नवल वाटतं. अख्खी काळी, फक्त काठाला रंग. हल्ली ज्याला मोठ्या कौतुकाने मिनिमल म्हणतात ते आपल्या पणज्या नेसत होत्या.

सासूबाई म्हणायच्या, 'तीच साडी दर फोटोत, लोक म्हणतील हिला दुसरी नाही.' आता जुने फोटो बघताना नातवंडं त्याच साडीवरून आजीला शोधतात. हो, माझ्या नव्हे, सासूबाईंच्याच! त्यांचीही एक जांभळी धारवाडी आहे, सगळ्या समारंभांत तीच. मी त्यांना हे अजून बोलून दाखवलेलं नाही.

वैदर्भी

थोडं वेगळं लिहिते, कुणी रागावू नका.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून नागपूरला होस्टेलवर आले तेव्हा माझ्याकडे मोजकेच ड्रेस होते आणि तेही मावसबहिणीचे उतरलेले. रात्री धुवायचा, पंख्याखाली वाळवायचा, सकाळी ओलसरच घालायचा. त्याला कुणी साधेपणाची शैली म्हटलं नाही. 'हिचे दोनच ड्रेस हायेत' म्हणून हसायच्या पोरी. त्यामुळे भरलेलं कपाट रिकामं केल्याचा आनंद वाचते तेव्हा मला थोडं परकं वाटतं. रिकामं करायला आधी भरलेलं लागते ना.

पगार सुरू झाला तेव्हा मी भडक रंग घेतले. राणी, पोपटी, हळदी, संत्र्याचा केशरी. आजही तेच घालते. कपडे कमीच आहेत, कारण उधळायची सवय अंगाला लागलीच नाही. पण मिनिमल म्हणजे राखाडी, बदामी, पांढरट असं जे चित्र दिसते त्यात मी बसत नाही आणि बसायचंही नाही. माझा नवा ड्रेस माझ्याच मापाचा शिवलेला असतो, खांदा उतरत नाही, कंबर ढगळ नसते. माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे.

शेवंती

वैदर्भी, रागवायचं काय त्यात. बदामी रंगाची सक्ती या धाग्यावर कुणीही करणार नाही, केलीच तर मी उठवेन त्याला.

माडाखाली

गोव्यातून. इथे निवड आधी हवा करते, मग माणूस. जूनमध्ये कपाटाचं दार उघडलं की कुबट वास येतो. चामडं, जरी, जाड सूट सगळ्यांवर बुरशी. म्हणून पातळ सुती आणि लिनन, तेही पांढरं किंवा कच्च्या सुताच्या रंगाचं. आमच्याकडे हा धडा गिरवला तो कोलवाळच्या वेंडेल रॉड्रिक्स यांनी. देशभर त्यांना मिनिमल फॅशनचे गुरू म्हणत, 2014 मध्ये पद्मश्री मिळाली, 2020 मध्ये ते गेले. सैलसर, सुरकुती पडली तरी शोभणारे, घाम शोषणारे कपडे त्यांनी मोठ्या रॅम्पवर नेले. कुणबी साडीची चौकडीही त्यांनीच पुन्हा विणून घेतली.

त्या साडीबद्दल मात्र मला एक सांगायचंय. लाल चौकडीचं ते जाडं कापड आमची आजी शेतात नेसायची, गुडघ्यापर्यंत, चिखलात उतरता यावं म्हणून. खांद्यावर गाठ. तिला तेव्हा कुणी रसिक म्हटलं नाही, 'शेतातली बाई' म्हणत. आज तेच कापड काचेच्या दुकानात टांगलेलं दिसतं. मला आनंदही होतो आणि थोडं टोचतंही. मी ऑफिसला पांढऱ्या सदऱ्यावर त्या चौकडीची ओढणी घेते. लोक विचारतात कुठून घेतली. मी आधी आजीचं सांगते, दुकानाचं नंतर.

पायताण

राम राम मंडळी. कोल्हापूरकडचा. कपड्याचं माझं काय खरं नाय, पांढरा नेहरू शर्ट आन् जीन्स. पण पायात कापशीच पाहिजे, कोल्हापुरी चपलेतला एक प्रकार. लग्न असू दे, बँक असू दे. बाभळीची साल आन् हिरडा घालून कमावलेलं कातडं, वर वेणी. पहिले काही दिवस चावतंय, मग पायाचा आकार घेतंय, आन् त्यानंतर ते दुसऱ्या कुणाच्या पायाला येत नाय. अधनंमधनं तेल पाजायचं, पावसाळ्यात माळ्यावर ठेवायचं. चिखलात घालून 'लवकर तुटलं' म्हणणाऱ्याला काय म्हणावं!

2019 ला कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राचे चार आन् कर्नाटकाचे चार जिल्हे धरून. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीची पोरं आमच्यासारखीच चप्पल घालून चालली, तवा पुण्यातल्या पुतण्याचा फोन, 'काका, तुम्ही फॅशनमध्ये आलात.' म्हटलं, मी हितंच हाय, फॅशन आली.

रत्नागिरी_ते_हॅम्बुर्ग

इथे थंडीत अख्खी ट्रेन काळी, निळी, राखाडी असते. मोजके कपडे ठेवणं इथे सोपं. एक चांगला जाड कोट, मेरिनो लोकरीचे स्वेटर, जे रोज धुवावे लागत नाहीत, नुसते हवेवर टांगले तरी वास जातो. पण पहिल्या हिवाळ्यात आरशात मीच मला सापडेना. सगळं नीटनेटकं आणि त्यात माझं काहीच नाही.

आईने ओटीतले, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचे खण जमवून ठेवले होते, ते आणले. अरुंद पन्ह्याचं कापड, त्यामुळे जोड द्यावे लागले. इथल्या एका तुर्की शिंप्याकडून कोटाचं अस्तर बदलून घेतलं. बाहेरून कोट काळाच, आत हिरवा-जांभळा खण. ऑफिसात कोट काढला की शेजारचे थबकतात. शिंप्याने कापडाला दोनदा हात फिरवला, अस्तराचे पैसे घेतले आणि उरलेला तुकडा मागून घेतला, बायकोला दाखवायला.

काजबटण

वडील शिंपी, मी दुकानातच वाढलो. सगळ्यांचे अनुभव वाचले, आता थोडं कामाचं. कपडे कमी ठेवायचे असतील तर माप चोख हवं, कारण तेच ते अंगावर येणार.

खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर आली पाहिजे. कंबर, बाही, लांबी नंतर दुरुस्त होते, खांदा चुकला तर कपडा उसवून परत कापण्यासारखंच काम. सुती कापड शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, आटायचं ते आधीच आटू दे. बाजूच्या शिवणीत जादा कापड दाबून ठेवायला सांगा, वजन वाढलं तर उसवून सोडता येतं. अंग बदलतं म्हणून लोक कपडे टाकतात, तेवढ्यासाठी टाकायचं कारण नाही. आणि दुकानदार 'शुद्ध सुती' म्हणाला तरी कडेचा एक धागा काढून जाळून बघा. सूत कागदासारखं जळून राख होते. पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते.

साधाच

काजबटण, माझ्या पांढऱ्या शर्टांच्या कॉलरी घासून गेल्यात, बाकी शर्ट धडधाकट. फेकू का?

काजबटण

अजिबात नाही. कॉलर उसवायची, उलटी करून परत बसवायची. झिजलेली बाजू खाली दडते, वर कोरी येते. पूर्वी आमच्या दुकानात रोज अशा दोनचार कॉलरी असायच्या. आता तरुण शिंपी कंटाळा करतात, तेव्हा वयस्कर शिंपी गाठा, आणि कफही त्याच वेळी बघायला सांगा.