अकिन्फेन्वाची कारकीर्द आदर्श म्हणावी का?

धागाकर्ता:
इंग्लंडच्या खालच्या विभागांत आयुष्य घालवलेल्या फुटबॉलपटूंची कारकीर्द 'प्रीमियर लीग गाठली नाही' एवढ्या एका वाक्यात निकालात काढली जाते, हे मला मुळीच पटत नाही. लंडनच्या अडेबायो अकिन्फेन्वाने २००१ साली लिथुआनियातील अटलांटास क्लबाकडून सुरुवात केली आणि तिथल्या प्रेक्षकांचा उघड वर्णद्वेष सोसला. पुढे टॉर्की, स्वॉन्झी, नॉर्दम्प्टन, जिलिंगहॅम असे क्लब बदलत २०२२मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, तो विकम वाँडरर्समधून निवृत्त झाला. शंभर किलोंच्या वरचे त्याचे वजन पाहून अनेकांनी नाके मुरडली. पण गोलकडे पाठ करून, बचावपटूला अंगावर रेलू देत, उंचावरून आलेला चेंडू छातीवर थोपवून सहकाऱ्याला देणारा माणूस कोणत्या ना कोणत्या प्रशिक्षकाला दोन दशके हवाच होता. हे यश नव्हे तर काय?

प्रतिसाद १:
आदर मलाही आहे; आदर्श मानण्यास मात्र माझा विरोध आहे. मे २०१६मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर त्याच्या तेव्हाच्या एएफसी विम्बल्डन क्लबाने प्लिमथला २-० असे हरवून लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या स्तरावर, बढती मिळवली. अगदी अखेरची पेनल्टी सहकाऱ्याशी हुज्जत घालून अकिन्फेन्वानेच घेतली आणि गोल केला. त्यानंतर लगेच टीव्हीवर त्याने सांगितले, की आपण आता तांत्रिकदृष्ट्या बेरोजगार आहोत, तेव्हा प्रशिक्षकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर संपर्क साधावा. लोकांनी ते हसण्यावारी नेले. क्लबाला वर नेणाऱ्या खेळाडूच्या हाती पुढच्या हंगामाचा करार नसावा, यात हसण्यासारखे काय आहे? शिवाय त्याच्यापाशी फिफा व्हिडिओ गेममधील सर्वांत ताकदवान खेळाडू हा लौकिक होता, 'बीस्ट मोड ऑन' हा कपड्यांचा व्यवसाय होता. त्याच्या शेजारी बसून बूट बांधणाऱ्या सामान्य सहकाऱ्याला तो आधार नव्हता.

धागाकर्ता:
करार अल्पमुदतीचे असतात, हे मान्य. पण त्याच उन्हाळ्यात विकमने त्याला घेतले, २०१८मध्ये संघ लीग वनमध्ये गेला, आणि २०२०मध्ये ऑक्सफर्डवर २-१ अशी मात करून इतिहासात प्रथमच चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या स्तरावर, पोहोचला. अकिन्फेन्वा तेव्हा अडतीस वर्षांचा होता. व्यवस्था सदोष आहे म्हणून त्या व्यवस्थेत टिकून राहणाऱ्याचे कर्तृत्व कमी होत नाही.

प्रतिसाद २:
टिकून राहणे केवळ खेळाडूच्या हाती असते, असे आपण गृहीत धरत आहात. 'बरी' (Bury) नावाच्या क्लबाच्या खेळाडूंनी एप्रिल २०१९मध्ये लीग टूमधून, म्हणजे चौथ्या स्तरावरून, बढती मिळवली, तीही पगार थकलेले असताना. आणि ऑगस्टमध्ये आर्थिक डबघाईमुळे क्लबच लीगमधून काढून टाकण्यात आला. मैदानावर त्यांनी काय कमी केले होते?

प्रतिसाद ३:
'बरी'सारखे प्रकार टाळण्यासाठीच ब्रिटिश संसदेने २०२५मध्ये कायदा करून फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमला आहे, याची नोंद घ्यावी.

प्रतिसाद १:
घेतली. मात्र तो नियामक क्लबांचे हिशेब आणि मालकांची पात्रता तपासणार आहे. ३० जूनला करार संपणाऱ्या खेळाडूला १ जुलैला काम मिळवून देणे त्याच्या कक्षेत येत नाही, आणि माझा आक्षेप नेमका तिथेच आहे.