मदत हवी आहे: एवढं मोठं सिरॅमिक शिल्प भाजतात कसं?

काल आर्ट सेंटरमध्ये सिरॅमिक शिल्पांचं प्रदर्शन बघून आले आणि एकाच शिल्पापाशी अर्धा तास उभी होते. माणसाएवढी आकृती, पांढरं ग्लेझ (काचेसारखा चकचकीत लेप) आणि त्यावर अंगभर काळ्या बारीक भेगांची जाळी, इतकं सुंदर! राकू नावाच्या भाजण्याच्या पद्धतीत भांडं लालबुंद असतानाच भट्टीतून काढून भुशात ठेवतात, मग धुराने भेगा काळ्या होतात एवढं माहितीये, पण एवढं मोठं शिल्प तसं बाहेर कसं काढणार? की तुकडे वेगवेगळे भाजून नंतर जोडतात? आणि माती सुकताना-भाजताना १० टक्क्यांच्या आसपास आकसते ना, मग जोड बरोबर कसे बसतात? रविवारी मुलीला घेऊन परत जाणारे, जोड नेमके कुठे शोधू? मातीकाम करणाऱ्यांनी प्लीज सांगा.